अर्चना, तुझं पुस्तक मी निवडलं होतं

अर्चना,

दहावा झाला, तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावाला गेले. मांडववाल्यानं खुर्च्या टेम्पोत भरून नेल्या आणि अंगणात नुसती माणसांच्या पायांनी दाबलेली माती राहिली. मला आता बसून राहावंसं वाटतं. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. गाई विचारत नाहीत, हंबरतात, म्हणून पहाटे उठते. नाहीतर उठले नसते.

काल संतोष भावजी तुमच्या खोलीतली तुझी पुस्तकं उचलून माझ्याकडे घेऊन आले. दारातच उभे राहिले. "वहिनी, ह्यांचं काय करायचं? कुणाला द्यायची का?" मी म्हटलं, "ठेवा तिथं कॉटवर." त्यांनी ठेवली आणि शेजारी बसून राहिले. नवरा तुझा, पुस्तकं तुझी, आणि विचारायला माझ्याकडे आले. कारण ती पुस्तकं कशी निवडली गेली हे आता मला एकटीलाच माहीत आहे. बसून बसून ते म्हणाले, "मी यातलं एक पानबी वाचलं न्हाई कधी." मग उठून गोठ्याकडे गेले.

तू ह्या घरात सून म्हणून आलीस तेव्हा मी थोरली सून म्हणून जुनी झाले होते. बी. एस्सी. गणित, आणि ते प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांच्या खाली. तू बी. ए. इंग्रजी. पहिली काही वर्षं आपलं फारसं पटलं नाही. मला वाटायचं तू कामात ढिली, तुला वाटायचं मी घुमी. दोन्ही खरं होतं. मग पोरं शाळेत जायला लागली आणि एका दुपारी गोठा झाडताना तू म्हणालीस, "ताई, बाहेरून एम. ए. करू या का?"

"कुणी?"

"आपण दोघींनी. मी इंग्रजीत, तुम्ही गणितात. पुढं ज्युनिअर कॉलेजला तासावर तरी घेतील."

मी हसले. तू हसली नाहीस. खराटा भिंतीला टेकवून म्हणालीस, "मी एकटीनं विषय काढला तर आत्याबाई नाही म्हणतील. दोघी एकदम गेलो तर कुणाला नाही म्हणायचं हेच त्यांना सुचणार नाही."

आत्याबाई, आपल्या सासूबाई, सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, "करा काय करायचं ते. पर धारंच्या वक्ताला एक जण घरात पायजे." ह्या एका अटीनं पुढचं सगळं घडलं. दोघींना मिळून घराबाहेर पडता येईना. पुस्तकं आणायला जी जाईल तिनं दुसरीचीही आणायची, असं ठरलं. म्हणजे तू, जिला दहावीनंतर गणिताचं नाव नको होतं, तू माझं अ‍ॅडव्हान्स्ड कॅल्क्युलस निवडायचं. आणि मी, जिनं कॉलेजात इंग्रजीचा पेपर कसाबसा काढला होता, मी तुझं अमेरिकन लिटरेचर.

आधी तू गेलीस. भाचीचं बारसं होतं पुण्याला. दुकानातून तुझा फोन आला तेव्हा मी धारेला बसले होते, फोन खांदा आणि कानात धरलेला.

"ताई, इथं कॅल्क्युलसची रासच आहे. दुकानदार विचारतोय, सोडवलेल्या उदाहरणांचं पाहिजे का थिअरीचं."

"दोन्ही असलेलं बघ."

"दोन्ही असलेलं विटेएवढं आहे."

"मग ते घे."

तू ते घेतलं नाहीस. दुसऱ्या दिवशी पिशवीतून निघालं ते एक बारीकसं, फिक्या निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. मी उघडून बघितलं. मागं उत्तरं नाहीत, उदाहरणं मोजकीच. मला राग आला. तू सांगितलंस की तू दुकानातल्या स्टुलावर बसून एकेका पुस्तकाची प्रस्तावना वाचलीस, तेवढंच तुला वाचता येत होतं. "बाकीचे सगळे परीक्षेचं बोलतात. हा एकटाच म्हणतो की हा विषय पहिल्यांदा शिकताना मलाही जड गेला. मला वाटलं, हा माणूस तुम्हाला नीट सांगेल."

"मला त्याच्याशी सोयरीक करायची नाही," मी म्हटलं, "पेपर द्यायचाय."

पुस्तक चांगलं होतं, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. तो माणूस खरंच सावकाश सांगत होता. पण पुढे न्यायचा आणि सोडून द्यायचा. युनिफॉर्म कन्व्हर्जन्सच्या प्रकरणात मी कितीतरी आठवडे अडकले. दुपारी जेवणं झाली की ओट्याशी बसायचे आणि तेच पान. मग एकदा कुट्टी करताना, हातात कडबा असताना, ते अचानक कळलं. मी मशीन बंद करून आत आले. तू कणीक मळत होतीस. मी तुला सगळं सांगितलं, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं जुळणं आणि सगळीकडे एकदम जुळणं यात काय फरक आहे ते. तुला एक अक्षर कळत नव्हतं आणि तू कणकेचे हात तसेच धरून शेवटपर्यंत ऐकलंस. म्हणालीस, "ताई, ही तर कविता आहे." मी म्हटलं, "कविता नाही, असमानता आहे, आणि तिची खूण उलटी लिहिली की शून्य मार्क." तू हसत सुटलीस. माझ्या लग्नानंतर ह्या घरात मला झालेला तो सगळ्यांत मोठा आनंद होता, आणि तो ऐकायला तू होतीस.

आणि त्या पेपरात मी नापास झाले.

पेपरात सगळी सोडवायची उदाहरणं होती, आणि मला सवय नव्हती. दोन प्रश्न मी असे लिहिले की तपासणाऱ्याला आवडले असतील. बाकी पानं कोरी. निकाल आला त्या दिवशी तू म्हणालीस, "शिकलात तर खरं ना." मी म्हटलं, "मला शिकायचं नव्हतं, पास व्हायचं होतं. वीट आणली असतीस तर झाले असते." तू म्हणालीस, "खोटं बोलताय. वीट आणली असती तर कुट्टी अर्धी टाकून आत आला नसतात." दोन दिवस आपण भाजी किती टाकायची एवढंच बोललो. नंतर बोलायला लागलो, पण ते भांडण मिटलं नाही. मी गाईड आणलं, तुझ्यासमोर आणलं, तू तोंड फिरवलंस. अजूनही मला वाटतं मी बरोबर होते. अजूनही ते निळं पुस्तक मी उशाशी ठेवते.

तुझं पुस्तक आणायची पाळी माझी आली तेव्हा आपल्याकडे गाय घ्यायचं चाललं होतं. हे आणि संतोष भावजी पिकअप घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघाले. मी म्हटलं, मला नगरला सोडा, येताना घ्या. दुकानदारानं माझ्यासमोर दोन पुस्तकं ठेवली. एक गाईड, प्रत्येक धड्याचा सारांश आणि अपेक्षित प्रश्न. दुसरं भलंमोठं, बारीक टायपात, कथा, कविता, जुनी भाषणं, पत्रं सगळं एकत्र बांधलेलं. "मॅडम, सगळे गाईडच नेतात," तो म्हणाला.

मी तुझ्यासारखी प्रस्तावना वाचायला घेतली. काही कळलं नाही. मग मोठं पुस्तक मध्येच उघडलं. कुणा बाईचं पत्र होतं. नवीन मुलखात राहायला आली होती, घरधनी गावाला गेलेला, आणि दिवसभर वाळलेल्या गवतातून वारा वाहतो त्याचा आवाज ती लिहीत होती. काही शब्द सोडले तर मला सगळं समजलं. मी मनाशी म्हटलं, जे मला समजतंय त्यात अर्चनाला काय काय दिसेल. आणि तू मला वीट नाकारली होतीस, म्हणून मी तुझ्यासाठी वीटच घेतली.

परतताना केबिनमध्ये आम्ही तिघं, माझ्या मांडीवर ते पुस्तक आणि मागं गाय. राहुरीपर्यंत ती सारखी पाय आपटत होती. अंगणात गाडी थांबली तेव्हा आत्याबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि तू धावत येऊन आधी माझ्या हातातलं पुस्तक घेतलंस. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, लक्ष्मी दारात आलीय, तिच्याकडं बघ की आदी." तू गाईच्या पाठीवर हात ठेवलास आणि दुसऱ्या हातानं पानं उलटत राहिलीस.

त्या पुस्तकावरून आपण किती बोललो, अर्चना. तू म्हणायचीस, हे लोक आपल्यासारखेच. कोरडं रान, विहिरीला पाणी लागत नाही, बायका एकट्या. तुझं माहेर पाथर्डीकडचं, तुला तिथलंच सगळं दिसायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "आपल्यासारखे कसे? त्यांच्या आधी त्या जमिनीवर कोण होतं? त्यांना कुठं घालवलं? ते लिहिलंय का ह्यात?" तू चपापलीस. म्हणालीस, "थोडं लिहिलंय. मागच्या बाजूला." मग बरेच दिवस तू मागची बाजूच वाचत होतीस. एक दिवस भाजी निवडताना मला म्हणालीस, "ताई, तुमचं बरोबर होतं. पण त्या बाईचंही खरं होतं. तिलाही वारा ऐकू येत होताच की." मी पुढची जुडी निवडायला घेतली.

दुसऱ्या वर्षाला तुझे पाय सुजायला लागले. आपण समजलो उभं राहून राहून. मग डोळ्यांखाली, मग श्वास. संगमनेरला डॉक्टरांनी रिपोर्ट बघून किडन्यांचं सांगितलं. तुझी आई किडनी द्यायला तयार होती, तिला साखर निघाली. दुसरी किडनी मिळावी म्हणून नंबर लावून ठेवला. तोवर आठवड्यातून दोनदा डायलिसिस. संतोष भावजींना सुप्याच्या कंपनीतून दर वेळी सुट्टी मिळेना, म्हणून तुझ्याबरोबर मी. आता धारेच्या वेळी आत्याबाई स्वतः बसायच्या. अट त्यांनीच मोडली, आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

तिथं चार तास तुझ्या डाव्या हातात सुया. हात हलवायचा नाही. उजव्या हातात तू ते पुस्तक धरायला बघायचीस आणि ते पडायचं. पहिल्या दिवशी छातीवर पडलं, नर्स ओरडली. मी धरून बसले तर माझा हात भरून यायचा आणि पान तुझ्या वेगानं उलटलं जायचं नाही. मला त्या दुकानाचा राग आला, माझा राग आला, एवढं जाड पुस्तक घ्यायची काय गरज होती. तू म्हणालीस, "ताई, फाडा."

"नवीन पुस्तक फाडू?"

"मग बाइंडरकडे न्या. त्याला म्हणावं, चार भाग कर."

बाजारपेठेतला बाइंडर म्हातारा होता. त्यानं पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "लोक फाटलेलं जोडायला आणतात," तो म्हणाला. मी त्याला कारण सांगितलं. त्यानं पुढं काही विचारलं नाही. कणा उसवून चार भाग केले, प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा लावला. तुझ्या एका हातात एक भाग नीट मावला. त्यानंतर मशीन चालू असताना तू वाचायचीस आणि मी शेजारी स्टुलावर डुलक्या काढायचे. मध्येच म्हणायचीस, "ताई, हे ऐका." मी ऐकायचे, अर्धं. दमलेली असायचे गं. घरी जाऊन स्वयंपाक असायचा, तुझं पाणी मोजून ठेवायचं असायचं. एकदा तू अख्खी कविता वाचून दाखवलीस आणि विचारलंस, "कशी वाटली?" आणि मी झोपले होते. तू मला उठवलं नाहीस. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी नंतर सांगितलं.

परीक्षा आली. तुझा अमेरिकन लिटरेचरचा पेपर नेमका डायलिसिसच्या वारी. डॉक्टर म्हणाले, एक दिवस पुढं ढकलता येईल, पण पाण्यावर फार लक्ष ठेवा. संतोष भावजी म्हणाले, "राहू दे ह्या साली." आत्याबाई म्हणाल्या, "जिवापरीस परीक्षा मोठी न्हाई." तू कुणाशी वाद घातला नाहीस. फक्त माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "मी नेते."

सेंटरच्या बाहेर मी झाडाखाली बसून राहिले. तू बाहेर आलीस तेव्हा चेहरा सुजलेला, ओठ पांढरे, आणि डोळे असे की मी बघतच राहिले. "शेवटचा प्रश्न राहिला," म्हणालीस, "हात चालेना. पण तुमची जमीन लिहिली मी. त्या बाईचं पत्र पण लिहिलं." घरी पोचायच्या आत तुला दम लागला. तिथूनच परत दवाखान्यात नेलं. काही दिवस ठेवून घेतलं. संतोष भावजी माझ्याशी बोलले नाहीत. ह्यांनी मला विचारलं, "कशाला नेलंस?"

तू पास झालीस. एम. ए. झालीस. पेढे आत्याबाईंनी वाटले, तुला एकही खाता आला नाही. त्यानंतर दीडेक वर्ष तू होतीस. ज्युनिअर कॉलेजवर थोडे दिवस तास घेतलेस, बसून शिकवायचीस. मग तेही जमेना.

तेराव्याला आपल्या चुलत सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "डायलिशिस चालू असताना परीक्षेला न्हेली, तवापासनंच खचली ती." मी पत्रावळी उचलत होते. उचलत राहिले. मला माहीत नाही, अर्चना. डॉक्टर म्हणतात, तसा संबंध नाही. पण डॉक्टरांना रोज कितीतरी लोकांना असं सांगावं लागत असेल. मी नेलं नसतं तर तू गेली असतीस का, एकटी, एस. टी.नं? हे तुला विचारायचं होतं. दीड वर्ष एकाच घरात होतो, विचारलं नाही. तूही कधी म्हणाली नाहीस की ताई, बरं केलंत. मला तेवढं ऐकायचं होतं. पुढे वाटायचं, सांगायची गरज नसेल. आता वाटतं, सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

माझा तो एक पेपर अजून राहिलाय. शेवटच्या महिन्यातही तू म्हणायचीस, "ताई, देऊन टाका." मी म्हणायचे, "बघू." फॉर्म सुटतील तेव्हा बघेन. आज कसलंही वचन द्यायची ताकद माझ्यात नाही.

आज दुपारी आत्याबाई माझ्या खोलीत आल्या. त्या सहसा येत नाहीत, गुडघे दुखतात. कॉटवर बसल्या, तुझ्या पुस्तकांशेजारी. एक भाग हातात घेतला, उलटा धरला, परत ठेवला.

"ती जाऊबाई बोलली ते म्या ऐकलं," त्या म्हणाल्या.

"हं."

"मलाबी त्या दिसाचा राग हुता तुझा. लई दिस हुता." त्यांनी तोच भाग परत उचलला. "ती कशापायी एवढी परीक्षेला गेल्ती, ते मला बघायचंय. वाच ह्यातलं."

"आत्याबाई, इंग्रजी आहे ते."

"मग आपल्यात सांग. तुला येतंय की."

मला फार येत नाही. पण मी सगळ्यांत मळलेला भाग उचलला, त्याला अजून दवाखान्याचा वास आहे. एक गोष्ट काढली, जिच्या कडेला तू पेन्सिलीनं रेघ मारली होतीस. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, मराठीत सांगायचं. अडखळत. एक म्हातारी बाई असते, थंडीत एकटी, बर्फ पडून दार अडलेलं. गोठा मोडतो म्हणून ती गाईला घरात घेते.

"बर्फ म्हंजी गारा का?"

"गारांसारखाच. पण मऊ, आणि वितळत नाही. साचत राहतो, माणसाच्या उंचीएवढा."

"मग त्यात वैरण कुठनं आणायची ती?"

मी मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. "ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"अर्चनाला ठाव असतं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पाय वर घेतले, भिंतीला पाठ टेकली आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं आता उठतील. त्या उठल्या नाहीत.

"वाच म्होरं," त्या म्हणाल्या.

मी वाचलं.